डाळ बंद झाली की काय? : वर्तनविज्ञानाच्या ऑनलाइन सभा भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वर्तनविज्ञानातलं नवं संशोधन सांगण्यासाठी ऑनलाइन सभा भरवणारी संयोजक मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. कोविडच्या वर्षापासून तुमच्या सभांना हजर असते. बहुतेक वेळा कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवून, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा कुकर लावता लावता. तुमच्या पडद्यावर नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसणारे जे काळे चौकोन असतात, त्यातला एक माझा.

पुढे तक्रार आहे, म्हणून आधी ऋण मान्य करते. पूर्वी आमच्यासारख्यांपर्यंत नवं संशोधन पोचायला सात-आठ वर्षं लागायची. कुणीतरी पुण्याला परिषदेला जायचं, रजा मंजूर करून घ्यायची, प्रवासभत्त्यासाठी हेलपाटे घालायचे आणि येताना एक झोळी नि चार झेरॉक्स आणायच्या. आता ज्यांची नावं मी क्रमिक पुस्तकातून शिकवते ती माणसं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोलत असतात.

एक फजितीही सांगून टाकते. २०१२ साली एका नामांकित नियतकालिकात शोधनिबंध आला होता : फॉर्मवर सही तळाला न घेता सुरुवातीलाच घेतली, तर माणूस पुढची माहिती जास्त प्रामाणिकपणे भरतो. मला हे भारी आवडलं. वर्गात शिकवलं, आणि तेवढ्यावर न थांबता आमच्या वसतिगृहाच्या प्रवेशअर्जातली सहीची जागा उचलून वर नेली. रेक्टरबाई कुरकुरल्या, पण ‘संशोधन आहे’ म्हटल्यावर गप्प बसल्या. २०२० मध्ये मूळ लेखकांनीच प्रयोग पुन्हा करून पाहिला, परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये उघड झालं की त्यातल्या गाड्यांच्या विम्याच्या प्रयोगातले गाडी किती मैल चालली याचे आकडे चक्क बनवलेले होते, आणि निबंध मागे घेतला गेला. हे मला कळलं ते तुमच्याच एका सभेत. नाहीतर मी आजही ते शिकवत बसले असते. हे उपकार मी विसरणार नाही. (अर्ज मात्र एकदम दोन हजार छापून ठेवलेले होते. त्याबद्दल शेवटी लिहिते.)

आता मुद्द्याचं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी मी तुमच्यासारख्याच एका सभेला एकटी न बसता माणसं जमवून बसले. आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. चार आशाताई, दोन अंगणवाडीसेविका, जिल्हा परिषदेच्या शाळेतले तीन शिक्षक, माझ्या एका विद्यार्थ्याचे द्राक्षबागायतदार काका आणि मी, अकरा जण. कपाटात मेमरी ड्रम (स्मरणशक्तीच्या प्रयोगाचं जुनं यंत्र) आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र, समोर प्रोजेक्टर, आणि माझा मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर उभा, कारण त्या खोलीत रेंज फक्त तिथेच येते. वक्ता परदेशी विद्यापीठातला. तो एक वाक्य बोलला की मी हलक्या आवाजात मराठीतून सांगायची. मधेच कॅन्टीनचा चहा आला तेव्हा दोन स्लाइडी निसटल्या.

विषय होता लसीकरण आणि डाळ. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला हा प्रयोग तुम्हाला तोंडपाठ असेल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सेवा मंदिर या संस्थेबरोबर केला, २०१० साली छापून आला. काही गावांत काहीच नवं केलं नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेली बाळं ६ टक्के निघाली. काही गावांत ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर लावलं, तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक डोसला किलोभर डाळ आणि सगळे डोस पुरे झाले की स्टीलच्या थाळ्या दिल्या, तिथे ३९ टक्के. गंमत पुढे आहे. डाळीचा खर्च वाढला, तरी एका बाळाच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च ५६ डॉलरवरून २८ डॉलरवर आला. का, तर नर्स दिवसभर बसून राहणारच. तिच्यापुढे दोन बाळं आली काय आणि दहा आली काय, तिचा पगार आणि जीपचं भाडं तेवढंच.

हे सांगून झालं तेव्हा पेठ तालुक्यातून आलेल्या एक आशाताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मॅडम, डाळ बंद झाली की काय?”

मी म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे योजना बंद झाली की. पहिल्या पोराला डाळ दिली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही दिली, तर त्या बाईला वाटणार डाळ मीच खाल्ली. ते सर तर परत जातील. मला त्याच पाड्यावर जायचंय ना रोज.”

मी हा प्रश्न इंग्रजीत करून चॅटमध्ये टाकला. प्रश्नोत्तरांना सात मिनिटं उरली होती. सूत्रसंचालकांनी आधी त्यांच्या ओळखीच्या दोघांना आवाज दिला; एकाने प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचा निबंध सांगितला. शेवटी चॅटकडे वळून ते म्हणाले की इथे काही छान प्रश्न आले आहेत, वक्त्यांचा ईमेल पत्ता शेवटच्या स्लाइडवर आहेच. मग पडद्यावर टाळ्या आणि बदाम उडाले आणि सभा संपली.

“काय म्हणाले?” आशाताईंनी विचारलं.

“वेळ संपला म्हणाले.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. आशांची वही तुम्ही पाहिली आहे का? गरोदर बायकांची नावं, बाळांच्या तारखा, कुणाला कुठला डोस राहिला, सगळं त्यात. त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचा प्रश्न लिहिला, खाली तारीख घातली आणि दोन ओळी मोकळ्या सोडल्या. मी दुसऱ्या दिवशी वक्त्यांना ईमेल केला. उत्तर आलं नाही. त्यांना रोज शंभर ईमेल येत असतील. त्यांच्यावर राग नाही.

राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्या संध्याकाळी तुमच्या सभेत सव्वादोनशे माणसं होती. डाळीचा प्रयोग उद्या सकाळी प्रत्यक्षात आणावा लागला तर काय होईल हे माहीत असलेली माणसं त्यातली किती, आणि त्यांच्यातल्या एकीला तुम्ही काय उत्तर दिलंत? बरं, प्रश्न काही भाबडा नव्हता. बक्षीस थांबलं की शिकलेलं वर्तन हळूहळू विरतं, याला आम्ही विलोपन म्हणतो, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला हमखास येतं. पण ती बाई विलोपनाबद्दल विचारतच नव्हती. बक्षीस देणाऱ्या हातावरचा विश्वास बक्षीस थांबल्यावर कुठे जातो, हे तिला हवं होतं. यावर चार ओळींचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या वक्त्यांकडेही नसेल कदाचित. पण मग ‘याचं उत्तर आमच्याकडे नाही’ एवढं तरी त्या खोलीपर्यंत पोचायला हवं होतं.

चहा संपवता संपवता आणखी एक निघालं. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बाळाचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. पहिला डोस पाड्यावर होतो आणि दुसऱ्याच्या वेळी आई कुणाच्या तरी बागेत मण्यांची विरळणी करत असते. “डाळ ठेवा पाड्यावर आणि बाळ निफाडला,” दुसऱ्या आशाताई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मी ते हसू चॅटमध्ये कसं टाकणार होते?

आता तुमच्याच शास्त्राचे दाखले तुम्हाला देते. उगीच मास्तरकी वाटली तर वाटू द्या, सवय आहे.

दहा देशांतल्या ३५ संस्थांमधल्या २४७ सेमिनारांचं निरीक्षण करून २०१८ साली एक निबंध आला. श्रोत्यांत बायका-पुरुष साधारण निम्मे निम्मे असूनही बायकांनी प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषांच्या मानाने अडीचपट कमी होती. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे बायकांचे प्रश्न आणखी घटत. पहिला प्रश्न कुणाचा, एवढ्या बारीक गोष्टीने उरलेल्या तासाचा रंग ठरतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काहींनी हा निबंध सभेत मांडलेलाही आहे. तरी पहिला आवाज तुम्ही ओळखीच्या प्राध्यापकांनाच देता.

दुसरं, १९८७ चा मिलर आणि मॅकफार्लंड यांचा प्रयोग. विद्यार्थ्यांना मुद्दाम न कळणारा मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, अडलं तर येऊन विचारा. एकही आला नाही. प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच कळलेलं नाही, बाकीच्यांना कळलंय. हा प्रयोग मी ‘समजलं का?’ विचारल्यावर वर्गातून येणाऱ्या त्या लांबलचक ‘होऽऽ’नंतर लगेच सांगते, आणि मग तीन-चार हात वर होतात. आमच्या वर्गात निदान कपाळाच्या आठ्या दिसतात. तुमच्या सभेत काळ्या चौकोनाला आठ्या पडत नाहीत.

स्वतःचाच चेहरा तासभर बघत बसण्याने येणारा थकवा, जवळून रोखून बघणारे डोळे, खुर्चीला खिळून राहणं, हे सगळं जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहून ठेवलंय. त्यात मी शिरत नाही. आम्ही अकरा जण एका पडद्यासमोर बसलो तेव्हा यातला एकही त्रास झाला नाही, एवढंच नोंदवते.

पण २०२२ चा ब्रक्स आणि लेवाव यांचा प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. जोड्यांना नव्या कल्पना काढायला सांगितल्या, काही जोड्या समोरासमोर, काही पडद्यावरून. प्रयोगशाळेत केलं, मग पाच देशांतल्या कंपनीच्या अभियंत्यांवरही केलं. पडद्यावरून बोलणाऱ्यांना कल्पना कमी सुचल्या. मात्र सुचलेल्यातली चांगली कुठली हे निवडण्यात ते मागे पडले नाहीत. याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते की ऐकायला, पारखायला पडदा ठीक आहे. ‘आपल्याकडे हे कसं करता येईल’ हे सुचायला मात्र माणसं एका खोलीत असली तर बरं. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी सभा संपल्यावर पाऊण तास जे बोलणं झालं, ते सभेपेक्षा सरस होतं. तुमच्यापर्यंत त्यातलं अक्षरही आलं नाही.

द्राक्षबागायतदार काकांचंच घ्या. मी त्यांना २०१३ चा तामिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादकांवरचा अभ्यास सांगितला. तोडणीआधी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, त्याच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी घेतली. आधीचे गुण कमी आले. गरिबी डोक्यातली जागा व्यापते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग हेही सांगितलं की अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर अशीच तुलना केली, २०१६ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा असा फरक दिसला नाही. काकांनी तपकिरीची डबी बंद केली. “पगारदाराला पुढचा पगार किती येणार ते माहीत असतं की. आमचा माल गाडीत भरला तरी पैसे हातात पडेपर्यंत धाकधूक असते. व्यापारी पैसे बुडवून पळाला म्हणजे वर्ष गेलं. पैसे कमी असणं आणि पैशाचा नेम नसणं, या दोन गोष्टी वेगळ्या हायेत, मॅडम.”

आता हे गृहीतक आहे. तपासता येण्याजोगं, सरळ. नाशिक जिल्ह्यात ते तपासायला बाग आहे, भाव पडणं आहे, ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंतचा अवकाळीचा घोर आहे. ते मांडलं गेलं तपकीर ओढणाऱ्या माणसाकडून, एका बंद पडलेल्या मेमरी ड्रमशेजारी. तुमच्या सभेच्या इतिवृत्तात ते नाही, कारण त्या वेळी सभा संपलेली होती.

अशी माणसं सभेत असण्याची गरज आम्हाला आहे तशी तुम्हालाही आहे, हे आकडेच सांगतात. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, २०१५ मध्ये निकाल लागला : मूळ अभ्यासांत ९७ टक्के ठिकाणी परिणाम ‘आहे’ म्हटलं होतं, पुन्हा केल्यावर ३६ टक्के ठिकाणी दिसला. माणसाला हळूच योग्य दिशेला वळवण्याच्या ज्या युक्त्या तुम्ही सुचवता, त्यांचा हिशोब डेलाव्हिन्या आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये मांडला. विद्वानांच्या नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत अशा युक्त्यांनी हवं तसं वागणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ८.७ टक्केबिंदूंनी (म्हणजे शंभरात ८.७ माणसांनी) वाढलेलं दिसतं. सरकारी कामात त्याच जातीच्या युक्त्या लाखो लोकांवर वापरणाऱ्या पथकांचे झाडून सगळे प्रयोग मोजले तर १.४. फरकाचं मोठं कारण हे की नियतकालिकात चाललेलं छापतात, फसलेलं खणात राहतं. १.४ हाही आकडा वाईट नाही, फुकटात मिळत असेल तर घ्यावाच. पण सभेत तुम्ही आम्हाला ८.७ दाखवता आणि पाड्यावर आम्ही १.४ घेऊन उभ्या असतो, आणि वाटतं की आमचंच काहीतरी चुकलं.

थोडं अवांतर. नाशिककरांना वर्तनविज्ञान काही नवं नाही. घंटागाडीचं शहर आहे हे. घंटा वाजली (आता गाणं लागतं) की बादली घेऊन जिना उतरणारी माणसं दाखवून मी वर्गात विचारते, हे पावलोव्ह की स्किनर? (पावलोव्ह म्हणजे घंटेसारख्या खुणेला आपोआप जडलेला प्रतिसाद, स्किनर म्हणजे परिणाम पाहून ठरणारं वागणं.) पोरं हटकून पावलोव्ह म्हणतात, घंटा आहे ना! मग मी विचारते, गाडी निघून गेली तर कचरा दिवसभर कुणाच्या घरात राहतो? तेव्हा एखादी म्हणते, स्किनर. सांगायचं एवढंच, की उदाहरण दाराशी आलं की अवघड गोष्ट अवघड राहत नाही. तुमच्या स्लाइडवर कायम विमानतळ, जिमची वर्गणी आणि निवृत्तिवेतनाचे फॉर्म असतात.

‘मग काय, प्रत्येक भाषेत सभा घ्यायची का?’ हा प्रश्न मला एका संयोजकांनी खरंच विचारला होता, जरा त्रासून. त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देते, आणि ते नवं नाही.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा श्रोतागट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, शेती, आरोग्य, गावाचा कारभार अशा विषयांवर, मराठीतून. एकूण वीस कार्यक्रम. रेडिओ बंद झाल्यावर गटाने तिथेच बसून त्यावर बोलायचं. अडलेले प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरं. याचं मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केलं, आणि तुम्हाला आवडेल असंच केलं : श्रोतागटांची गावं एकीकडे, रेडिओ आहे पण गट नाही अशी गावं दुसरीकडे, आणि रेडिओच नाही अशीही गावं तुलनेला. आधी आणि नंतर माहितीची चाचणी. श्रोतागटांच्या गावांत माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ नाममात्र होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं बसले. नुसता रेडिओ असलेलं गाव म्हणजे आज नुसती लिंक आलेली मी. सत्तर वर्षांपूर्वी, माझ्या भाषेत, नियंत्रणगट ठेवून हे तपासलं गेलं होतं, आणि आपण अजून सभेच्या शेवटी ‘रेकॉर्डिंगची लिंक सगळ्यांना मिळेल’ असं सांगून मोकळे होतो.

तेव्हा माझं मागणं सभा मराठीत घ्या असं नाही. तुम्ही इंग्रजीत घ्या, हिंदीत घ्या. आमचा गट तेवढा श्रोता म्हणून धरा. एका पडद्यामागे अकरा जण बसलेत हे नोंदणीच्या फॉर्ममध्ये भरायला सध्या जागाच नाही. वक्त्याने काय सांगायचंय त्याचं एक पान सभेच्या दोन दिवस आधी पाठवा. मराठी आम्ही करू, माझ्या एम.ए.च्या मुली त्यात तयार झाल्या आहेत आणि कुजबुजत भाषांतर करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सभेतला पहिला प्रश्न गटाचा घ्या, एकदा नाशिकचा, एकदा आणखी कुठला. ज्याचं उत्तर त्या दिवशी नसेल ते पुढच्या सभेच्या सुरुवातीला द्या, मग ते ‘माहीत नाही’ का असेना. आणि प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं सक्तीने फसलेल्या प्रयोगासाठी ठेवायला लावा. आशाताईंना यशोगाथांचा कंटाळा आलाय. फसलेलं सांगितलंत तर त्या वही काढतील.

विषय कुठला घ्यायचा असं विचारलंत तर नाशिकपुरतं माझं उत्तर तयार आहे. २०२७ चा सिंहस्थ. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. थंडी, गोंगाट, गैरसोय एवढं सगळं सोसून आल्यावर त्यांनी स्वतःची तब्येत घरी राहिलेल्यांपेक्षा सुधारल्याचं सांगितलं. गर्दी म्हणजे नुसतं संकट हे समीकरण त्याने जरा हलवलं. चेंगराचेंगरीबद्दलही तुमचं शास्त्र आता वेगळं बोलतं : बहुतेक वेळा माणसं घाबरून बेभान झाली म्हणून मरत नाहीत, जागेच्या मानाने दाटी इतकी होते की उभ्या उभ्या श्वास कोंडतो, आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय चाललंय ते कळतच नाही. २००३ च्या सिंहस्थात पंचवटीत सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी कशी झाली ते इथल्या जुन्या माणसांना आजही सांगता येतं. 

हे संशोधन करणारे आणि रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी दोर धरून उभा राहणारा होमगार्ड, हे दोघे एका सभेत यावेत अशी माझी फार इच्छा आहे. आमच्या गटात आता एक निवृत्त हवालदार येतात. दोन सिंहस्थांना त्यांनी ड्यूटी केली आहे. त्यांचा प्रश्न मी आताच देऊन ठेवते : मागच्या माणसाला पुढची कोंडी कळवायची कशी, की जेणेकरून तो थांबेल, वळेल, पण पळणार नाही? भोंग्यावरून काय ओरडायचं, कुणी ओरडायचं, कुठल्या भाषेत? यावर कुणाकडे थोडं जरी काही असेल, तरी बारा मिनिटांच्या स्लाइडी बाजूला ठेवून त्यांनी तेवढंच सांगावं.

वार कुठलाही चालेल, बुधवार सोडून. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो आणि आमच्या अंगणवाडीच्या एक ताई तिथे आईच्या भाजीच्या पथारीवर बसतात. वेळ संध्याकाळी पाच ते सात. रात्री साडेआठ तुमच्या अमेरिकेतल्या वक्त्यांना सोयीचं असतं, कबूल. पण पेठची शेवटची एसटी त्याच्या आधी निघते.

आपली,
नाशिक जिल्ह्यातली मानसशास्त्राची एक शिक्षिका

ता. क. : वसतिगृहाचे जुने अर्ज या जूनमध्ये एकदाचे संपले. नवे छापायला देताना रेक्टरबाईंनी विचारलं, सही कुठे घ्यायची, वर की खाली? मी सांगितलं, फरक पडत नाही असं आता दिसतंय. त्या म्हणाल्या, “मग खालीच घेते. वर सही मागितली की पोरींचे बाप विचारतात, अजून काही भरलंच नाही, तर सही कशावर करू?” हे वाक्यही तुमच्या पुढच्या सभेत कुणीतरी वाचून दाखवावं, ही विनंती.